लिफ्टखाली उभ्या माणसालाही ट्रेनिंग द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बांधकामावर कोणी उंचावरून पडून गेलं की बातमीत एक ओळ हमखास असते, सेफ्टी बेल्ट लावलेला नव्हता, आणि तिथेच विषय संपतो. बेल्ट म्हणजे फुल बॉडी हार्नेस लावायलाच हवा, त्यात वादच नाही. पण बूम लिफ्ट (लांब हाताच्या म्हणजे बूमच्या टोकाला माणसाची बास्केट असलेलं मशीन) आणि सिझर लिफ्ट (कात्रीसारखी उघडत बास्केट सरळ वर नेणारं मशीन) यांवर असेही अपघात होतात की हार्नेस अंगावर आहे, हूक बास्केटमधल्या नेमून दिलेल्या पॉइंटलाच लावलाय, तरी माणूस हाती लागत नाही, कारण खाली जे कोणी उभे असतात त्यांच्यातल्या एकालाही बास्केट खाली कशी आणायची ते माहीत नसतं.

समजा ऑपरेटर बास्केट वर नेतोय, नजर हातातल्या कामावर आहे, आणि डोक्यावरचा बीम दिसलाच नाही. तो रेलिंग आणि बीमच्या मध्ये सापडतो, छाती कंट्रोल पॅनलवर दाबली जाते, श्वास घेता येत नाही. अशा वेळी हार्नेस काय करणार? काही मशीनवर आता यासाठी सेन्सर येतात, दाब पडला की हालचाल थांबते, पण अडकलेल्या माणसाला सोडवायला शेवटी कोणीतरी लागतंच. जवळपास प्रत्येक मशीनला खाली दुसरं कंट्रोल असतं आणि इंजिन किंवा बॅटरी बंद पडली तरी बास्केट उतरवायची इमर्जन्सी सोय असते. ती कुठे आहे, आधी कोणती चावी फिरवायची, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. माणूस वर गुदमरत असताना खाली मॅन्युअल शोधत बसायचं का?

हार्नेसवर लटकलेल्या माणसाचंही तेच. पट्ट्यांमध्ये नुसतं लोंबकळत राहिलं तर पायात रक्त साचतं आणि काही मिनिटांतही शुद्ध हरपू शकते, म्हणजे पडला नाही म्हणून वाचला असं धरून चालत नाही, त्याला लगेच उतरवावं लागतं, आणि अग्निशमन दल येईपर्यंत थांबू हा काही प्लॅन होत नाही.

एक गोष्ट मात्र खालच्या माणसाला सगळ्यात आधी शिकवायला हवी. बास्केट विजेच्या तारेला लागली असेल तर सप्लाय बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मशीनला हातही लावायचा नाही, जवळही जायचं नाही. बहुतेक बूम लिफ्ट इन्सुलेटेड नसतात, मशीनच्या सगळ्या सांगाड्यात करंट येतो आणि मदतीला धावलेला माणूसच आधी जातो. तारेपासून निदान ३ मीटर लांब राहायचं, व्होल्टेज जास्त असेल तर आणखी लांब.

बाकी नियम नवीन नाहीत, तरी रोज मोडले जातात. रेलिंगवर चढणं, बास्केटमध्ये शिडी ठेवणं, पाय सारखा दाबून दुखतो म्हणून फूट स्विचवर, म्हणजे पायाने दाबून धरला तरच मशीन हलतं त्या स्विचवर, वजन ठेवून तो अडकवून टाकणं (हे तर मला भयंकर वाटतं). मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत माणसं, अवजारं, माल सगळं धरायचं असतं. बाहेर वापरायच्या बऱ्याच मशीनची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते आणि काही सिझर लिफ्ट तर फक्त आत वापरायच्या असतात, तरी मोठे पत्रे घेऊन लोक वर जातात आणि तो पत्रा शिडासारखा वारा धरतो. जमीन तर कोणी बघतच नाही, ताजा भराव, चेंबरचं झाकण, झाकलेला खड्डा, चाक थोडंसं जरी खचलं तरी वर बूमच्या टोकाला एवढा झटका बसतो की हूक नसलेला माणूस बाहेर फेकला जातो.

ठेकेदार म्हणतात, जास्तीचा माणूस परवडत नाही. पण हेल्पर तिथे असतोच की! त्यालाच त्या मशीनवर इमर्जन्सी लोअरिंग स्वतःच्या हाताने करायला लावा, रोज काम सुरू होण्याआधी एकदा, आणि बास्केट वर असेपर्यंत त्याला चहा किंवा सामान आणायला पाठवू नका. मशीन भाड्याने देणाऱ्यांनी डिलिव्हरीच्या वेळीच हे करून दाखवावं, आणि दाखवल्याशिवाय सुपरवायझरने चलनावर सही करू नये. आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर बेल्टबरोबर हेही विचारा की खाली कोण होतं आणि त्याला बास्केट उतरवता येत होती का.

आपला,
बांधकाम साईटवर काम करणारा एक वाचक