मुंग्या कुठल्या बोटांना?

बोरी (गोवा), रविवार दुपार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलीस, रात्री हाताला मुंग्या येतात, जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. आणि लगेच दिवाळीच्या तिकिटांवर गेलीस. फोन ठेवला तशी आईने विचारलं, "खंयचीं बोटां? विचारलें तुवें?" नव्हतं विचारलं. पण या पत्रात हाताचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

आज घरात नुसता आळस. पाववाला पोदेर भोंगा वाजवत गेला तेव्हा मी अंथरुणातच होतो. उंडे आईनेच घेतले. दुपारी बांगड्यांचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, झाली, आणि झोपायचं सोडून मी माळ्यावरचा तात्यांचा डबा खाली काढला. चुना आठ दिवसांपूर्वीच भिजत घातला होता, तात्यांच्या रीतीने थोडं गुळाचं पाणी घालून. जुन्या कौलाच्या तुकड्यावर त्याचा थर दिला, वर कावेचा, त्या तांबड्या मातीच्या रंगाचा, हात फिरवला आणि खिळ्याने मोर कोरायला घेतला. कावेचं काम ओलं असेपर्यंतच. तांबडं खरवडलं की खालचा पांढरा चुना उघडा पडतो, आणि एकदा का थर वाळला की रेघेच्या कडा तुटतात. माझा पिसारा अर्ध्यावरच वाळला. आई म्हणते, कोंबडी झालीय.

तू चौथीत असताना मोरजीला मोरजाईच्या देवळात नेलं होतं, आठवतं? भिंतीवरच्या कावेच्या वेलीवरून बोट फिरवत राहिलीस म्हणून मी ओरडलो होतो. घरी येऊन तीच वेल तू पाटीवर काढलीस, न बघता. तात्या म्हणाले होते, हिचा हात माझ्यावर गेलाय. मला तेव्हा थोडा हेवाच वाटला. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

त्याच हाताचं म्हणतोय मी. शिरोड्याच्या आत्याने दोन वर्षं अंगावर काढलं. मुंग्या काय, जातील, म्हणत राहिली. मनगटातल्या अरुंद वाटेत नस दाबली गेली होती. आता तिच्या अंगठ्याखालचा मांसल भाग बसलाय, सुईत दोरा ओवता येत नाही. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू त्या एका नसेवर चालतात, करंगळी दुसऱ्या नसेवर. म्हणून विचारतोय, करंगळीला मुंग्या नाहीत ना? असल्या तरी दाखवायचंच, नसल्या तरी दाखवायचंच. लवकर गेलं तर रात्री मनगटाला पट्टा बांधूनही पुष्कळदा भागतं. रविवारीसुद्धा लॅपटॉप मांडीवर घेऊन मनगटं वाकवून बसतेस, गणपतीत आली होतीस तेव्हा पाहिलंय मी. गणपतीवरच्या माटोळीला कवंडळाची फळं बांधतानाही एक डोळा स्क्रीनवर. कसली मोठी कामं असतात गो तुमची, की एक रविवार...

राहू दे. मास्तरकी सुरू झाली. तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. बाजारात कोणी विचारलं की पुण्याला काय करते मुलगी, तर मी जरा जास्तच वेळ सांगत बसतो, आई पिशवी ओढते तोवर. (घरात सगळं कोंकणीत बोलतो आणि पत्र लिहायला बसलो की मराठी, तात्यांचीच खोड. म्हणून असेल, पत्रात माझा आवाज चढतो.)

वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराचा सांगाडा उभा केलाय, संध्याकाळी सहापासून कर्णा सुरू. तू येशील तेव्हा कारीट फोडून झाल्यावर, नारळाच्या रोसातले फोव (पोहे) खाऊन, एक कौल तू कोर. चुना मी मुरवून ठेवतो.

आईने लोणच्याची बरणी भरलीय. झाकण घट्ट लावू नको असं मी तिला दोनदा सांगितलं.

तुझा,
बाबा

ता. क. डावा हात की उजवा, तेही कळव.