वंदे, जहाजाला खिडकी हवी का गं?

पुणे, रविवार रात्र

प्रिय वंदे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली आणि "मेलीस का?" हा मेसेजही मिळाला. मेले नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय. माझा गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू, आईला ऐकू कमी येतं पण तिच्याबद्दल बोललेलं सगळं येतं. झालं.

आता ऐक. मी जहाज बांधतेय. अंतराळातलं, मालवाहू. भोसरीत एका बंद कारखान्याची शेड भाड्याने घेतलीय आणि दात्यांचा धाकटा, हो, तोच, आपल्या थर्माकोलच्या गरुडावर बसून पंख मोडणारा, पहिला सिनेमा करतोय. मराठी अंतराळ-भयपट. हस एकदाची.

बजेट एखाद्या बऱ्यापैकी मंडळाच्या हलत्या देखाव्याएवढं. म्हणून आपलंच जुनं तंत्र: जुना बाजार पालथा घातला. वॉशिंग मशीनचे ड्रम, प्रिंटरची उघडी पोटं, ठिबकच्या नळ्या, अंड्यांचे ट्रे. वायरी आणि केसिंगच्या पट्ट्या तपकीर गल्लीतून. सगळ्यावर एकच करडा रंग, मग हात जिथे जिथे लागेल तिथे काळपट तेलाचं बोट. पैशांवरून जीव खालीवर झाला की मी इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाची आठवण काढते. १९६५ साली त्याने 'प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स'मध्ये अख्खा ग्रह उभा केला तो पौराणिक सिनेमातून उरलेल्या प्लास्टिकच्या दोन खडकांवर, असं तो स्वतःच सांगायचा. बाकी सगळा धूर आणि रंगीत दिवे. बापट सर असते तर म्हणाले असते, "दोन? दुसरा कशाला?"

परवा जहाजातला बोळ पूर्ण झाला, छतासकट. छतावरून कॅमेरावाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. त्याला भिंती निघणाऱ्या हव्या होत्या आणि वरून दिवे सोडायला उघडं छत. मी म्हटलं, दिवे भिंतीत बसव, भिंत निघणार नाही. छत साडेसहा फुटांवर. आपले नामदेवमामा सव्वापाच फूट. शेवटचा पत्रा ठोकून झाल्यावर ते हत्यारांची पेटी आणायला आत गेले, आणि वंदे, मान खाली घालून चालले गं. डोक्यावर फूटभर जागा मोकळी आणि माणूस वाकून चाललाय! बाहेर येऊन हळूच विचारतात, "ताई, आत माणसं राह्यची का माल?"

हे मी कुणाला सांगू? घरी सांगितलं तर हे म्हणाले, "मग छत वर घे."

मामांनी 'एलियन' पाहिलेला नाही, पण १९७९ सालचं ते अख्खं जहाज हाच प्रश्न विचारत असतं. शिर्क्यांच्या हॉलमध्ये भाड्याच्या व्हीसीआरवर, अर्ध्या पडद्यावर मुंग्या येत असताना, तू म्हणालीस, "ही तर शिफ्ट ड्यूटी आहे." त्याहून नेमकं मी आजवर कुठे वाचलेलं नाही. सात माणसं, आणि 'नॉस्त्रोमो' जहाजाच्या मागे ओढायला अख्खी रिफायनरी, तिच्यात दोन कोटी टन खनिज. जहाज खनिजासाठी बांधलंय, उरलेल्या फटीत माणसं. इंजिनखात्यातले पार्कर आणि ब्रेट बोनसवरून कुरकुर करतात तेव्हा राक्षसाचा पत्ताही नसतो, तरी आपल्याला कळलेलं असतं की ह्यांचं इथे कुणी नाही.

रॉन कॉबने जहाजाचं आतलं अंग इंजिनियरसारखं रेखाटलं आणि परग्रहावरचं सगळं स्विस चित्रकार गिगरच्या हाती गेलं, म्हणून दोन्ही जगं एका माणसाच्या डोक्यातून आल्यासारखी वाटत नाहीत. शेपर्टन स्टुडिओत खोल्या आणि बोळ एकमेकांना जोडून बांधले होते, भिंतींवर विमानांचं भंगार चढवलेलं. आणि शेवटी नायिका रिप्ले सुटकेच्या छोट्या यानात एकटी उरते, सुटलो म्हणून आपण पाय पसरतो, आणि तो राक्षस तिथेच भिंतीतल्या नळ्यांमध्ये नळीसारखा घडी होऊन पडलेला असतो. लपलेला नव्हताच तो! आपण त्या भिंतीकडेच बघत होतो. इतक्या नळ्या की डोळ्याने मोजणं सोडून दिलेलं. तुझ्या हातातला चहा शिर्क्यांच्या गालिच्यावर, आणि डाग माझ्या नावावर. तो हिशेब अजून बाकी आहे.

कॉबने दारांवरच्या सूचनांसाठी चिन्हांचा अख्खा संच काढला होता. मी मराठी पाट्या केल्यात. एक: "आधी मागचे दार लावा, मग पुढचे उघडा." दात्या म्हणाला, ही तर पुणेरी पाटी झाली. म्हटलं, हा एअरलॉकचा, म्हणजे जहाजाबाहेर पडायच्या दुहेरी दारांचा, नियम आहे, आणि सभ्य भाषेत लिहिलाय, त्या अर्थी पुणेरी नाही.

आता खरं दुखणं. निर्माते बांधकामवाले. नाव लिहीत नाही. गुरुवारी सहकुटुंब आले. बोळात चार पावलं टाकली आणि म्हणाले, "पॅसेजमध्ये फार एरिया गेला." मग इकडे तिकडे बघून, "खिडकी कुठंय?" मी म्हटलं, नाही. "अहो मॅडम, अंतराळ दाखवताय आणि व्ह्यूच नाही?" त्यांना जेवणघरात भिंतभर काच हवीय, बाहेर शनी, कडी नीट दिसली पाहिजेत. छताला पांढरी एलईडीची पट्टी. दात्या माझ्याकडे बघतोय, मी नामदेवमामांकडे, मामा छताकडे. वहिनींनी विचारलं, "व्हेंटिलेशनचं काय?"

ह्यावर मात्र मी वहिनींना मनातल्या मनात नमस्कार केला. खऱ्या अंतराळ स्थानकात वजनच जाणवत नाही, तर गरम हवा वर जाणार कुठे? झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडापुढे साचून राहू शकतो, म्हणून पंखे अहोरात्र चालू. घरघर चालू आहे म्हणजे सगळं ठीक. थांबली की दचकून उठायचं. मी लगेच दात्याला शेडमधल्या जुन्या एक्झॉस्टचा आवाज रेकॉर्ड करायला लावला. तेवढा एक प्रसंग वहिनींचा.

पण खिडकी डोक्यातून जात नाही. काच सांगायची तर शनिवारपर्यंत कळवायला हवं. माझं म्हणणं साधं आहे. बाहेर दिसलं की आपण कुठे आहोत ते कळतं, आणि माझ्या जहाजात ते कुणालाच कळता कामा नये. शिवाय काच महाग, आणि खनिज वाहणाऱ्या जहाजाला कंपनी काच कशाला बसवेल? जेवताना शनी बघावा म्हणून? ह्या माणसाच्या स्वतःच्या साइटवर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांना खिडक्या आहेत का, हे विचारायचं जिभेवर आलं होतं. गिळलं. ॲडव्हान्स अजून पूर्ण मिळायचाय.

आणि मग नेमका 'सनशाइन' आठवला, २००७ सालचा. त्यात तो डॉक्टर सूर्यासमोरच्या खिडकीत बसतो आणि म्हणतो, चार टक्के प्रकाश आत येऊ दे. संगणक म्हणतो, डोळे कायमचे जातील, ३.१ टक्के देतो, ३० सेकंदांपुरते. तिथे खिडकीच खायला उठते. म्हणजे त्या माणसाचा हट्ट अगदीच अडाणी नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग येतोय.

तू आता 'इव्हेंट होरायझन' सिनेमाचा विषय काढणार, माहितीय. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे भाग घेऊन त्यातून जहाज उभं केलं, १९९७ सालीच, वगैरे. भीती वाटायला गाभारा लागतो, हे तुझं मत. मी म्हणाले कारखाना लागतो. तू म्हणालीस, मी कधी देवळात गेले नाही, मी म्हणाले, तू कधी कामावर गेली नाहीस, आणि मग दिवाळीचा फराळही कुरियरने आला. अजून माझं मत तेच आहे. घाबरवायलाच बांधलेलं जहाज बघून मी घाबरत नाही. सगळ्यात कमी भावाच्या टेंडरात, घाईघाईत, कुणाचाही विचार न करता बांधलेल्या जहाजाला घाबरते. तुझा गाभारा निदान कुणाच्या तरी श्रद्धेने बांधलेला असतो.

(डॅन ओ'बॅननने आधी 'डार्क स्टार'मध्ये परग्रहवासी म्हणून समुद्रकिनाऱ्यावरचा फुगवायचा चेंडू वापरला होता, १९७४ साली. मग त्याने 'एलियन' लिहिला. दात्याला हे सांगितल्यापासून तो चेंडूही शोधतोय.)

सध्या एक तोड सुचलीय. खऱ्या स्थानकाला २०१० साली सात खिडक्यांचा घुमट बसवला, त्यालाही बाहेरून झडपा आहेत, बारीक उल्का काचेवर आदळू नयेत म्हणून. मग मीही खिडकी देते: लहान, गोल, वर पोलादी झडप, उघडायला चाक. निर्मात्यांना सांगायचं, खिडकी दिली. सिनेमाभर झडप बंद. दात्या नाचायलाच लागला. पण पुढे काय? कधीच उघडली नाही तर निर्माते माझं छत काढतील. उघडली तर बाहेर काय? शनी तर मी मेले तरी दाखवणार नाही. नुसता काळोख दाखवला तर लोक म्हणतील पैसे संपले, आणि ते खरंही असेल. काहीही दाखवलं तरी झडप बंद असताना जे होतं त्याहून ते कमीच पडणार. तू सांग. उघडायची का? आणि "तुला जे वाटेल ते कर" असं लिहिलंस तर बघ.

चिन्मयची नोकरी लागली का? सासूबाईंचा मोतीबिंदू निघाला असेल. गच्चीच्या गळतीला डांबर नको, वॉटरप्रूफिंगवाला बोलाव, मागे नंबर दिलाय. अनघाचं कळलं, त्याबद्दल भेटल्यावरच.

आणि मुख्य काम. तुमच्या बंद गिरणीत, मागच्या भिंतीला, व्हॉल्व्हचं ते बिडाचं मोठं चाक अजून असेल तर काढून स्वारगेटच्या एसटीने पाठव, पावतीचा फोटो टाक. झडपेला तेच लावायचंय. गंज घासू नकोस, आणि सासूबाईंनी विचारलं तर अंतराळाचं नाव काढू नकोस, मागच्या वेळी परात परत आली नव्हती ते त्या विसरलेल्या नाहीत.

तुझी,
निमी