खुले पत्र: खांबावर कॅमेरा होता, फुटेज 'राहिलं नाही'

मा. गृहमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण माझी आई. वय 74. ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या रस्त्यावरून सकाळी दूध घेऊन येत होती. एका दुचाकीस्वाराने तिला उडवलं आणि तो थांबलासुद्धा नाही. खुब्याचं हाड मोडलं. ती पडली त्या वळणावर खांबाला कॅमेरा आहे. तिला उचलणाऱ्या भाजीवाल्याने तो मला दाखवला. "ताई, सगळं त्यात आलं असेल," म्हणाला. मी विश्वास ठेवला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एका पोलीस ठाण्यात गेले. "ही आमची हद्द नाही." साहेब, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यायची असते. 1 जुलै 2024 पासून तो कायदा लागू आहे. तो मला रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मोबाइलवर वाचावा लागला. टेबलापलीकडे बसलेल्याला तो कुणीच शिकवला नव्हता का?

मग फुटेजसाठी फिरले. पोलीस म्हणाले, कॅमेरे पालिकेचे आहेत. पालिकेत म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. क्रमांक घालून आणला तर साहेब प्रशिक्षणाला गेलेले. 34व्या दिवशी उत्तर मिळालं: रेकॉर्डिंग 30 दिवसच राहतं.

हे 34 दिवस मी कसे काढले ते तुम्हाला सांगायचंच आहे. आमची इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला खुर्चीत बसवून चार माणसांनी वर नेलं. जन्मभर कुणापुढे हात न पसरलेली बाई बेडपॅनसाठी मला हाक मारताना भिंतीकडे तोंड करते. माझी रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. आणि रोज संध्याकाळी ती विचारते, "सापडला का गं तो?"

आता शहरात आणखी कॅमेरे बसवायचे आणि अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, असे प्रस्ताव ऐकते. कशासाठी? बदलापूर याच जिल्ह्यात आहे ना? ऑगस्ट 2024 मध्ये शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुरड्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी तासन् तास ताटकळावं लागलं. शाळेतले कॅमेरे बंद होते. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि शाळांना कॅमेऱ्यांचे आदेश निघाले. आदेश काढायला तुम्हाला एक दिवस पुरतो. त्या कॅमेऱ्यामागे कोण बसणार, तक्रार आली की त्याने काय करायचं, हे ठरवायला वर्षं का लागतात?

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा आणि रेकॉर्डिंग किमान वर्षभर जपा, असं सांगितलं. मग आम्ही पडतो त्या रस्त्याचं महिन्याभरात का पुसलं जातं?

तक्रारीचा कागद हातात आला की त्याच दिवशी तेवढं फुटेज वेगळं काढून ठेवा. कुणी काढायचं, त्याचं पदनाम पोलीस ठाण्याच्या दारावर लावा. ते न्यायालयात टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, प्रमाणपत्र लागतं. ते कसं द्यायचं, हे अधिकाऱ्यांना शिकवा. सभागृहात पडद्यावर नको, टेबलाशी बसवून, खरा अर्ज समोर ठेवून शिकवा.

दाद मागायची तरी कुठे? ठाणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर कित्येक वर्षं आम्हाला नगरसेवकच नव्हता. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. कर मात्र आम्ही एकदाही चुकवला नाही.

सहाही अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. आईच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. ते तुम्ही लेखी द्या, मी तिला वाचून दाखवीन.

आपली,
एक ठाणेकर