वाचायचे पैसे, छापायचे पैसे

सरकारने संशोधनाच्या जर्नल्सची वर्गणी एकत्र भरायच्या 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेचं कौतुक करणारा तुमचा लेख वाचला, अर्धाच पटला. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांतल्या पोरांना फुकट वाचायला मिळतायत हे झकासच, पण तीन वर्षांचे ६,००० कोटी जातात कुणाच्या खिशात? पेपर लिहायचा आम्ही, तपासायचा आम्हीच आणि तोही फुकट (मागच्या महिन्यात दोन रात्री जागून एक तपासला, बदल्यात थँक्यूचा ऑटोमॅटिक मेल!), वर तोच पेपर विकत घ्यायचा तोही आपणच. ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर कुणालाही फुकट वाचता यायला पाहिजे तर लेखकाने पैसे भरा, 'नेचर' या जर्नलने २०२० मध्ये एका पेपरला ९,५०० युरो रेट जाहीर केला, आमच्याकडे तासिकेवर शिकवणाऱ्याला वर्षभरात तेवढे मिळत नाहीत. ब्राझील १९९८ पासून सायेलो हे मोफत जर्नल्सचं ऑनलाइन व्यासपीठ चालवतंय, आपल्या बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्वतःच्या साइटवर जर्नल्स मोफत देते, मग या पैशातला थोडा भाग तिकडे वळवायला काय हरकत आहे? अर्थात प्रमोशनच्या मुलाखतीत पेपर न उघडताच 'इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचे सरासरी किती दाखले दिले जातात तो आकडा) किती?' विचारतात, ते थांबलं नाही तर अशा मोफत जर्नल्सना पेपर देणार कोण, मीसुद्धा देणार नाही.

- एक प्राध्यापक, सांगली