बाबा, ती एफडी मोडा आणि डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सगळं बोलून होत नाही, मध्येच नेट जातं आणि बाबा तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणून विषय संपवता, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. आई तूच मोठ्याने वाचून दाखव, त्यांच्या डोळ्यांना ताण नको.

परवा आईच्या तोंडून सहज निघून गेलं की ऑक्टोबरपासून मी दर महिन्याला जे २५ हजार पाठवतेय त्यातला एक रुपयासुद्धा तुम्ही वापरलेला नाही, सात महिन्यांचे १ लाख ७५ हजार जसेच्या तसे उचलून बँकेत एफडी केली आणि तीही माझं नाव पहिलं घालून. आणि त्याच फोनवर दहा मिनिटांनी कळलं की मोतीबिंदूचं ऑपरेशन "पावसाळा झाला की बघू". बाबा, मला त्या रात्री झोप लागली नाही. तुमच्या पेन्शनमध्ये घर चालतं हे मला माहितेय, तुम्ही कुणाचे पैसे घेत नाही हेही माहितेय, पण मग मी ते पैसे कशासाठी पाठवतेय? तुम्हाला समोरचा माणूस अंगणात आल्याशिवाय ओळखू येत नाही असं आई सांगते आणि तुम्ही माझ्या लग्नासाठी एफडी करताय.

त्यात ती एफडी नियमातही बसत नाही. मी नोकरीसाठी देश सोडून कॅरिबियन समुद्रातल्या या केमन बेटावर आले तेव्हापासून बँकेच्या दृष्टीने मी एनआरआय झाले, माझं नाव पहिलं असलेलं साधं रेसिडेंट खातं किंवा एफडी आता चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. पुण्याच्या खात्याचं मी निघायच्या आधी करून घेतलं पण आपलं चिपळूणचं जॉइंट खातं माझ्याकडून राहून गेलं, ती चूक माझीच. तुम्ही आता एवढंच करा, ती एफडी मोडा, व्याज थोडं कमी मिळेल ते मिळू दे, आणि खात्यात तुमचं नाव पहिलं, आईचं दुसरं, माझं नाव फक्त नॉमिनी म्हणून. यापुढे माझे पैसे माझ्या एनआरई खात्यातून (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) दर ५ तारखेला आपोआप तुमच्या पेन्शनच्या खात्यात येतील. मुलीने आईवडिलांना दिलेले पैसे म्हणजे गिफ्ट, त्याच्यावर तुम्हाला टॅक्स नाही आणि त्याला रकमेची मर्यादाही नाही. त्या पैशांवर व्याज मिळालं तर ते मात्र तुमचं उत्पन्न धरतात. पण व्याज मिळण्याइतके साठवूच नका ना, खर्च करा.

अजून एक, शेजारच्यांची दहा गुंठे काजूची बाग माझ्या नावावर घ्यायचं तुमच्या मनात आहे असंही आई म्हणाली. ते अजिबात करू नका. एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. आपली आहे ती पुढेमागे वारसाने माझ्याकडे आली तर चालते, पण नवीन खरेदी नाही. कुणी म्हणेल आपण करून देतो, काही होत नाही, तर त्याचं ऐकू नका.

आता मुख्य गोष्ट. बाबा तुम्ही मला दोनदा आडून आडून विचारलंत की "तिथे टॅक्स नाही म्हणजे नक्की काय प्रकार आहे", आणि पेपरात केमनचं नाव काळ्या पैशांच्या बातमीत आलं की तुम्ही ती बातमी पूर्ण वाचता हे मला माहितेय. तुम्ही तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलंत, एक खडू घरी आणला नाहीत, तुम्हाला काळजी वाटणारच. म्हणून सगळं सांगते.

हे ब्रिटिशांच्या ताब्यातलं बेट आहे, इथे कुणालाच इन्कम टॅक्स नाही, मला नाही आणि माझ्या साहेबांनाही नाही. सरकारला पैसा मिळतो तो बाहेरून येणाऱ्या मालावरच्या ड्युटीतून, बहुतेक वस्तूंवर २२ टक्के, शिवाय आमच्या वर्क परमिटची फी, कंपन्यांची आणि गुंतवणूक फंडांची नोंदणी फी, जमीनखरेदीची स्टॅम्प ड्युटी. आणि बेटावर पिकतं फार थोडं, म्हणजे जवळजवळ सगळंच बोटीने येतं, म्हणून पगारातून टॅक्स कापला नाही तरी दुकानात तो बरोबर वसूल होतो. मी ज्या फंडांचे हिशोब बघते त्यांना इथल्या नियामकाकडे दरवर्षी ऑडिट केलेले हिशोब द्यावे लागतात, माझं काम तेच, आकडे जुळतात की नाही ते बघायचं.

आपल्याकडचा टॅक्सही नीट आहे. मी ऑगस्टमध्ये निघाले त्यामुळे त्या वर्षात माझे भारतातले दिवस १८२ च्या आत राहिले आणि मी नॉन-रेसिडेंट ठरले, म्हणून इथला पगार तिकडे करपात्र नाही. २०२० च्या बजेटमध्ये एक नियम आला, ज्या भारतीयाला कुठल्याच देशात टॅक्स लागत नाही आणि ज्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे त्याला भारतातच रहिवासी धरायचं, पण माझं तिकडचं उत्पन्न म्हणजे एनआरओचं थोडंसं व्याज, तेव्हा तो मला लागू नाही. त्या व्याजावर बँक ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापते, तो परत मिळावा म्हणून मी जुलैत रिटर्न भरणारच आहे. माझं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही, एवढंच.

आता माझा हिशोब, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी पोट मारून पैसे पाठवतेय. इथला डॉलर अमेरिकेच्या डॉलरपेक्षा मोठा आहे, १ केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन डॉलर, हा दर १९७४ पासून बांधलेला, म्हणजे आपले शंभर रुपयांच्या वर. महिन्याचा पगार ४,००० केमन डॉलर आहे. आरोग्य विमा इथे कायद्याने सक्तीचा, हप्ता अर्धा कंपनीचा आणि अर्धा माझा, माझे १२० जातात. या महिन्यात मला नऊ महिने झाले म्हणून पेन्शन सुरू झाली, ५ टक्के मी आणि ५ टक्के कंपनी, त्याचे २०० गेले. घराला १,१०० (दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या खोलीत केरळची नर्स राहते, फार चांगली मुलगी आहे), लाइट-पाणी-इंटरनेट १६०, किराणा-भाजी ४५०, गाडीचं पेट्रोल आणि इन्शुरन्स २५०, फोन ५०, वर इकडेतिकडे ३०० धरा. ३०० अडीअडचणीला म्हणून इथेच बाजूला टाकते. तरी हजार डॉलर उरतात, म्हणजे लाखभर रुपये. त्यातून घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता १८,४००, तुमचे २५ हजार आणि बाकीचं माझ्या एनआरईत साठतं. तर आई, मी उपाशी नाही आणि माझं साठतही आहे. वायरने पैसे पाठवायला बँक दर वेळी ठराविक चार्ज घेते म्हणून मी दोन महिन्यांचे एकदम माझ्या एनआरईत पाठवते, तुमचे मात्र तिथून दर महिन्याला येतील.

सुरुवातीचे दोन महिने मात्र कठीण गेले, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. भारतातून निघताना नोटा ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर. आल्या आल्या घरमालकाला पहिला महिना आणि डिपॉझिट द्यावं लागलं, बँकेत खातं उघडायला सहा आठवडे लागले, आधी कंपनीचं पत्र हवं, मग पुण्याच्या बँकेचं पत्र, मग घराचा करार, मग ते पत्र जुनं झालं म्हणून पुन्हा नवीन. तोवर नोटा मोजून खर्च करत होते. दुकानात अमेरिकन डॉलर घेतात पण १ डॉलरचे ८० सेंट धरतात, बँक ८२ देते, आणि सुटे परत मिळतात ते केमनच्या पैशात. मी पहिल्या आठवड्यात २० ची नोट दिली आणि हातात परत आलेल्या नोटांवर एक वेगळाच आकडा, बघते तर २५ डॉलरची नोट होती, कॅशियर मुलीने चुकून जास्त दिली होती. परत केली तर तिचे डोळे भरून आले, म्हणाली संध्याकाळी गल्ल्यात कमी पडलं तर पगारातून कापतात. ती जमैकाची आहे, तीही घरी पैसे पाठवते. आता मी तिच्याच लाइनीत उभी राहते. तिनेच मला लोअर व्हॅलीचा शनिवारचा शेतकरी बाजार सांगितला. तिथे जमैकाचे लोक जिला कॅलालू म्हणतात ती भाजी मिळते आणि आई, ती म्हणजे आपला माठच गं. मी ती जुडी हातात घेऊन किती वेळ उभी होते. लसूण-मिरचीची फोडणी देऊन केली, वर खोबरं घातलं, भाकरी नव्हती म्हणून पोळीबरोबर खाल्ली.

आणि आई, कुणाबरोबर मिक्सर पाठवायचा विचार सोड. इथली वीज अमेरिकेसारखी, ११० व्होल्टची, आपला २३० चा मिक्सर नुसता हुंहुं करेल. खलबत्ता पाठव, छोटा दगडी. रविवारी इथे सुपरमार्केट बंद असतात हे आता अंगवळणी पडलंय, शनिवारीच सगळं आणून ठेवते.

आता पावसाचं. १ जूनपासून इथे चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो तो ३० नोव्हेंबरपर्यंत. बेट अगदी सपाट आहे, डोंगर नाही आणि नदी तर एकही नाही, पाऊस पडला की खालच्या चुनखडीत मुरतो, प्यायचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं केलेलं. म्हणजे वाशिष्ठीसारखं वरून पाणी येत नाही, वादळात समुद्रच आत शिरतो. २००४ च्या सप्टेंबरमध्ये आयव्हन वादळ आलं होतं त्याबद्दल इथली माणसं अजून बोलतात, अगदी आपण २२ जुलैच्या पुराबद्दल बोलतो तशी. त्यांचं ऐकताना मला २०२१ चं आपलं घरच दिसतं, माळ्यापर्यंत चिखल, तुमचं सर्व्हिस बुक आणि माझ्या मार्कशीट आपण धुवून कपड्यांच्या दांडीवर चिमटे लावून वाळवल्या होत्या आणि शाई सगळी उतरली होती. तेव्हा बाबा तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर रडलात. म्हणून इथे माझा पासपोर्ट, परमिट, विम्याचं कार्ड आणि ५०० डॉलर रोख (वादळानंतर एटीएम चालत नाहीत) एका झिपच्या पिशवीत दाराजवळ असतात, पाण्याचे कॅन भरलेले आहेत, कुठल्या शेल्टरला जायचं तेही ठरलंय. तुम्हीही तसंच करा, जून लागायच्या आत घराचे कागद, पासबुकं, मेडिक्लेम आणि दोघांची आधार कार्डं अशाच पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवा. सगळ्यांचे फोटो मी ड्राइव्हवर टाकलेत पण मूळ कागद ते मूळ. बाबा सत्तरीच्या पुढे आहेत तर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, तेही काढून घ्या, आधार घेऊन जावं लागेल.

फोनवर कुणी बँकेतून बोलतोय म्हणाला, पोलिस म्हणाला, मला इकडे पकडलंय असं म्हणाला तरी ओटीपी द्यायचा नाही, फोन ठेवायचा आणि मला लावायचा, इथे मध्यरात्र असली तरी. मी उचलेन.

आता तारखेचं बोलू. पाऊस सुरू झाला की तुम्ही पुन्हा "घाटात दरड आहे, रस्ता बंद आहे" म्हणणार, म्हणून या महिन्यातच करायचं. आत्तेभावाशी मी बोललेय, तो गाडी घेऊन येतो म्हणालाय, आधी एका डोळ्याचं आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या दिवसांनी दुसऱ्याचं. लेन्स स्वस्तातली नको, डॉक्टर तुमच्या डोळ्याला जी चांगली म्हणतील ती. पैसे आहेत, तुमच्याच खात्यात आहेत. एफडी मोडायला वेळ लागत असेल तर मला सांगा, मी त्याच दिवशी इथून पाठवते.

तारीख मिळाली की आई तू मला लगेच व्हॉट्सअ‍ॅप कर. तुमच्याकडे सकाळचे दहा म्हणजे माझ्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा, मी जागी असेन, बाबांना आत नेतील तेव्हा आणि बाहेर आणतील तेव्हा दोन्ही वेळा फोन कर.

तुमची,
सोनू