समाजमाध्यमांना श्रेय किती द्यायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मधील नेपाळच्या उठावानंतर आपल्या दैनिकातील लेखांत आणि वाचकांच्या पत्रांत ‘समाजमाध्यमांनी सरकार पाडले’ असा सूर वारंवार उमटताना दिसतो. नेपाळचे सरकार निवडून आलेले होते, त्यामुळे त्याला हुकूमशाही राजवटींच्या पंगतीत बसवणे योग्य ठरणार नाही. परंतु २०११ मध्ये ट्युनिशिया आणि इजिप्तबाबतही हाच सूर लागला होता आणि तेथे पुढे काय झाले हे आता सर्वांसमोर असल्याने तो तपासून पाहता येतो. बातमीची कोंडी फोडणे ही या माध्यमांची खरी कामगिरी. राजवट पाडणे आणि तिच्या जागी काही उभे करणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते, असे माझे मत आहे.

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बुझिद येथे मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवाल्या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले आणि महिना उलटण्याच्या आत, १४ जानेवारी २०११ रोजी, अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. मात्र त्याच देशात २००८ साली गाफ्सा भागातील फॉस्फेटच्या खाणपट्ट्यात नोकरभरतीतील वशिलेबाजीवरून कितीतरी अधिक काळ, म्हणजे सुमारे सहा महिने, आंदोलन चालले होते. पोलिसांनी रेदेयेफ गावाची नाकेबंदी केली आणि उरलेल्या देशाला त्याचा फारसा पत्ताच लागला नाही. (खाणपट्ट्यातले गाऱ्हाणे राजधानीपर्यंत पोहोचताना वाटेत किती मुरते, हे गोव्यातल्या खाणींच्या सांगे-डिचोलीतील वाचकांना वेगळे सांगायला नको.) २०१० पर्यंत तेथे फेसबुक वापरणाऱ्यांची संख्या २० लाखांच्या आसपास गेली होती. मोबाईलवर टिपलेली दृश्ये त्यावर चढत आणि वार्ताहरांना तेथे काम करण्याची मुभा नसलेली अल जझीरा वाहिनी तीच उचलून दाखवत असे, त्यामुळे ज्यांच्या घरी संगणक नव्हता त्यांनीही ती पाहिली. इथवरचे श्रेय निःसंशय या माध्यमांचे आहे. पण ठिकठिकाणचे मोर्चे एकत्र जमले ते यूजीटीटी या कामगार महासंघाच्या स्थानिक कार्यालयांपाशी, आणि अखेरच्या दिवसांत एकेका शहरात संप पुकारले गेले तेही याच महासंघाच्या शाखांकडून.

इजिप्तमध्ये २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर सरकारने इंटरनेट तोडले आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलही मुके केले. त्या शुक्रवारी रस्त्यावर उतरलेली गर्दी आधीच्या दिवसांपेक्षा मोठी होती. जो घरी बसून पडद्यावर पाहत होता त्याला काय चालले आहे हे जाणून घेण्यासाठी उंबरठा ओलांडणे भाग पडले, असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे आणि ते पटण्यासारखे आहे. माध्यमांनी जमवले त्याहून अधिक लोक माध्यमबंदीने बाहेर काढले असतील, तर ‘फेसबुक क्रांती’ या बिरुदाचे काय करायचे? ११ फेब्रुवारीला अध्यक्ष मुबारक पायउतार झाले ते सुएझ कालव्याच्या कंपन्यांपासून कैरोच्या बससेवेपर्यंत संपाचे लोण पसरल्यावर आणि लष्कराने हात काढून घेतल्यावर.

नेपाळमध्येही ४ सप्टेंबरला २६ समाजमाध्यम मंचांवर बंदी आली. चतुर्थीनंतरच्या त्या दिवसांत म्हापशातील एका उपाहारगृहात टेबल पुसणारा नेपाळी मुलगा, घरचा व्हॉट्सअ‍ॅप लागत नाही म्हणून हातातले फडके खांद्यावर टाकून पुन्हा पुन्हा फोन लावताना मी पाहिला. गोव्यातील हॉटेलांत राबणाऱ्या अशा असंख्य मुलांच्या घरांशी असलेला धागाच सरकारने कापला होता. भ्रष्टाचाराविरुद्धचा राग आधीपासून होता. त्यात ही भर पडली. ८ तारखेच्या गोळीबारात १९ जणांचा बळी गेला आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला.

आपल्या गोव्याचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रे आधी सेन्सॉरकडे जात आणि सभेला परवानगी लागे. तरीही १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. लोहियांच्या सभेला लोक जमले, ते तोंडोतोंडी पोहोचलेल्या निरोपावर. पुढे १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी जंगलात राहून गुप्त नभोवाणी चालवली आणि सरकार दडपत असलेल्या बातम्या घराघरांत पोहोचवल्या. त्यांच्या कामाचे मोल अपार आहे. म्हणून गोवा नभोवाणीने मुक्त केला असे आपण कोणी म्हणत नाही. सत्याग्रही, तुरुंगवास भोगलेले कार्यकर्ते आणि अखेर डिसेंबर १९६१ मधील भारतीय सैन्याची कारवाई यांचा हिशेब आपण वेगळा मांडतो. मग परदेशांतील उठावांना दुसरा न्याय का?

शिवाय त्या नभोवाणीवरून श्रोत्याचे नाव पोर्तुगीज पोलिसांना कळत नव्हते. आजच्या माध्यमांत ते कळते. २००९ च्या निदर्शनांनंतर इराणी यंत्रणांनी निदर्शकांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकून ‘यांना ओळखा’ असे आवाहन केले, तर २०२१ च्या लष्करी बंडानंतर म्यानमारमध्ये सैनिक रस्त्यात अडवून लोकांचे मोबाईल तपासत होते.

उठावानंतरचे चित्र तर अधिकच विचार करायला लावणारे आहे. इजिप्तमध्ये कैरोचा तहरीर चौक गाजवणारे तरुण विखुरले. २०१२ ची निवडणूक जिंकली ती १९२८ पासून बांधणी करत आलेल्या मुस्लिम ब्रदरहूडने आणि जुलै २०१३ मध्ये सत्ता बळकावली ती लष्कराने. ट्युनिशियात कामगार महासंघासह चार संस्थांनी मध्यस्थी करून राज्यघटनेचा मार्ग मोकळा केला, त्यासाठी त्यांना २०१५ चे शांततेचे नोबेल मिळाले. तेथेही २०२१ मध्ये अध्यक्ष सईद यांनी संसद गोठवली आणि २०२२ च्या अध्यादेश क्रमांक ५४ नुसार ‘खोटी बातमी’ पसरवल्याच्या आरोपाखाली समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांना तुरुंगात पाठवले जाऊ लागले.

तेव्हा नेपाळविषयी यापुढे लिहिताना, डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावरील चर्चेतून माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव हंगामी पंतप्रधानपदासाठी कसे पुढे आले या नवलाईला जेवढी जागा दिली गेली, तेवढीच तेथील पक्ष, कामगार संघटना, न्यायालय आणि लष्कर यांच्या हालचालींनाही आपल्या दैनिकाने द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
फोंडा, गोवा