मुख्याध्यापिका मॅडमच्या रजेबाबत पालकांना सूचना

पालकहो, मोठ्या मॅडम सोमवारपासून रजेवर आहेत. महाल भागातल्या आपल्या शाळेचा कार्यभार सध्या पर्यवेक्षक सरांकडे आहे.

- टीसी, बोनाफाईडवर तेच सही करतील. वेळ ११ ते १. सहीखाली ‘प्रभारी मुख्याध्यापक’ हा शिक्का आहे का, ते खिडकीवरच बघून घ्या. नसला तर दाखला पुढे अडतो.
- रजेचं कारण शिपाई किंवा वर्गशिक्षिकांना खोदून विचारू नका. ते सांगणं त्यांच्या हातात नाही. कर्मचाऱ्याच्या खासगी माहितीला माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ८ मध्येही संरक्षण आहे.
- शिक्षकांच्या मस्टरचा फोटो ग्रुपवर टाकला असेल, तर आजच काढा. रजेच्या शेऱ्यांसकट सगळ्यांचीच नावं त्यात दिसतात. अंदाज बांधणारे मेसेजही नकोत, कृपा करून.

शनिवारी सकाळी ९ वाजता शाळा व्यवस्थापन समितीची बैठक शाळेतच आहे. परीक्षा, पोषण आहार, कामकाज यांबद्दल तिथं जरूर विचारा.